वरचा बाण

दांडिया बाजारातल्या लॅबचा तळमजला, रात्रीचे साडेअकरा.
रक्त मोजणाऱ्या यंत्राशेजारचा संगणक
दोन हजार नऊपासून तसाच आहे.
कंपनीचा माणूस बजावून गेलाय:
मॅडम, याला नवीन काही शिकवू नका, बिघडेल.

मला याच्यात एक लहानशी भाषा बसवायचीय,
यंत्र सिरियल तारेतून जे पुटपुटतं
ते ऐकून आकडे तक्त्यात उतरवेल, एवढीच.
तयार पाकिटं याला पचत नाहीत.
म्हणून पेनड्राइव्हवर मूळ सोर्स आणलाय
आणि डब्यात दोन थेपले, छुंदा.

कॉन्फिगर म्हटलं की उलटतपासणी सुरू:
सी कंपायलर आहे? आहे.
चालतो? चालतो.
आकड्याचं कुठलं टोक आधी, मोठं की धाकटं? धाकटं.
अमुक हेडर? आहे. तमुक? नाही.

कुबेर भवनात दाखल्यासाठी गेले तेव्हा
खिडकीतल्या बाई अशाच विचारत होत्या.
जन्म? वडोदरा. वडिलांचा? वडोदरा. आजोबांचा?
तोही. मग आडनाव घोरपडे कसं?
मी गप्प. बाईंनी जरा थांबून
त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली.
हे मशीन तसं करत नाही. नसेल तर
नाही लिहितं, आणि पुढच्या ओळीवर जातं.

प्रिफिक्स.
म्हणजे सगळं बांधून झालं की भाषेनं राहायचं कुठे.
रूटची किल्ली कंपनीकडे, कंपनी चेन्नईला.
तेव्हा माझ्याच होमच्या आत एक फोल्डर,
नाव ठेवलं ओटला.
तिथे बसायला कुणाला विचारावं लागत नाही.

खिडक्या-बटणं नकोत. चाचण्या नकोत.
जास्तीचं ऑप्टिमायझेशन नको,
एकच कोअर आहे बिचाऱ्याला, आणि पंखा घरघरतो.
मेक. एकाच हाताने, सावकाश.

पाऊण तास ओळी वर सरकत राहिल्या.
मी छुंदा बोटाने चाटला.
वॉचमन वेस्ताभाई राठवा दोनदा डोकावले,
बेन, हजु केटली वार?

शेवटी यादी आली, न जमलेल्या भागांची:
झेडलिब, रीडलाइन.
पहिलं नसलं तर काही दाबून-गुंडाळून ठेवता येणार नाही.
न येवो.
दुसऱ्याचं मी मनावर घेतलं नाही.

चाचणीला खरं रक्त हवं, म्हणून संध्याकाळी
घरी जाता जाता निमिषने वेस्ताभाईंचंच काढून ठेवलं होतं.
जांभळ्या झाकणाची नळी, वर पेनने: डेमो.
नळी लावली. यंत्र घुरघुरलं, गुळण्या केल्या, पुटपुटलं.
मी एक ओळ टाइप केली, पोर्ट उघड, वाच, दाखव,
आणि नव्या भाषेचं पहिलं वाक्य पडद्यावर आलं:
डेमो, हिमोग्लोबिन, सहा पूर्णांक आठ.

चुकलं असणार. एखादा बाइट गळाला असेल,
दशांशचिन्ह सरकलं असेल.
मागचीच ओळ परत चालवावी म्हणून वरचा बाण दाबला.
ओळ आली नाही. उमटलं
एक टोपी, दोन चौकटी कंस, ए.
पुन्हा दाबला. टोपी, कंस, कंस, ए.
रीडलाइन नाही ना. या भाषेला
आत्ताच बोललेलं आठवत नाही.

पाठीमागे वेस्ताभाई, हातात चहाचे दोन कप.
शटरपासून इथवर चालून लागलेला दम
अजून खाली बसलेला नाही.
शुं थयुं?
मागची ओळ परत येत नाहीये, मी म्हटलं, मराठीतच.
तो फरी लखो ने.

लिहिते.
एकेक अक्षर, पोर्ट, वाच, दाखव,
कंस तपासून,
गरज नसताना स्वल्पविराम मोजून.
एंटरवर बोट ठेवते,
आणि आधी चहा पिऊन घेते.